मीटरमध्ये सेकंद मिळवू नका

उत्तरपत्रिकेत मितींचा मेळ न बसणारे समीकरण दिसले, की मी पुढची आकडेमोड वाचत नाही. मीटरमध्ये सेकंद मिळवता येत नाहीत, हे गणित सोडवण्यापूर्वीच कळायला हवे. संगणकाची आज्ञावली लिहितानाही हीच शिस्त लागते. तिथे तिला टाइप सिस्टिम म्हणतात.

वेबपृष्ठांची भाषा जावास्क्रिप्ट. तिचा पहिला नमुना ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली अवघ्या दहा दिवसांत तयार केला. ही भाषा फार सोशिक आहे! समजा, गुणांची बेरीज करणारे पान तुम्ही लिहिले. चौकटीत भरलेले ४० आणि ३५ ब्राउझर तुमच्या हाती देतो ते संख्या म्हणून नव्हे, अक्षरे म्हणून. बेरीज येते ४०३५. वजाबाकी मात्र बिनचूक ५ येते, आणि म्हणूनच चूक लवकर ध्यानात येत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१२ साली आणलेल्या टाइपस्क्रिप्टमध्ये 'बेरीज ही संख्या आहे' असे आधी लिहून ठेवा. पान चालण्यापूर्वीच ती तुम्हांला अडवील.

माझे विद्यार्थी मात्र टाइप ओलांडून थेट क्लासकडे धावतात. 'प्राणी' हा क्लास, 'कुत्रा' त्याचा वारस! हे उदाहरण पाठ होते, पण उपयोगी पडत नाही. मला हा क्रमच उलटा वाटतो. आधी टाइप पक्के करावेत. वारसा सावकाश शिकला तरी चालेल.

क्लासचा खरा उपयोग संख्या आणि तिचे एकक एकत्र बांधण्यात आहे. १९९९ साली 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळापाशी नष्ट झाले. एका गटाच्या आज्ञावलीने आवेग पौंड-बल-सेकंदांत दिला होता. दुसऱ्या गटाने तो न्यूटन-सेकंदांत आहे असे धरले. फरक सुमारे ४.४५ पटींचा. दोन्हीकडे टाइप एकच, 'संख्या'! शिवाय फाइलीतून आलेल्या आकड्याला एकक चिकटलेले नसते. म्हणून बाहेरून येणारा आकडा दारातच तपासावा आणि मगच त्याची वस्तू, म्हणजे ऑब्जेक्ट, बनवावी.

इथे टाइपस्क्रिप्टची एक खोड सांगायला हवी. ती क्लासचे नाव पाहत नाही, घडण पाहते. 'लांबी' आणि 'काळ' असे दोन क्लास लिहा, दोहोंत 'किंमत' नावाची एकच संख्या ठेवा, आणि लांबीच्या जागी काळ देऊन पाहा. ती मुकाट्याने स्वीकारील! आता दोन्ही क्लासमध्ये 'किंमत' खासगी करा आणि पुन्हा तेच करून पाहा.