किट सहा आठवड्यांत झालं, पण...

माणमध्ये पोरगी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग नोकरी कुठं?" हिंजवडी दारात, त्यामुळे पोरं म्हणजे कॉम्प्युटरच.

मीनल दाखवे-भोसले आठवतात? पुण्याच्या मायलॅबमधल्या विषाणूतज्ज्ञ. फेब्रुवारी 2020 मध्ये कोरोना तपासणीच्या किटचं काम हाती घेतलं, तेव्हा त्या गरोदर होत्या. सहा आठवड्यांत किट तयार! 18 मार्चला ते एनआयव्हीकडे तपासायला दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. बाहेरच्या किटला सहा-सात तास लागायचे, हे अडीच तासांत निकाल द्यायचं.

तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण विषाणूचा आरएनए वेगळा काढायचा, त्यापासून डीएनए करून तो वाढवायचा, हे काय सहा आठवड्यांत शिकतात होय? त्यात वर्षं जातात. पुण्यात हे काम 1952 पासून चाललंय, एनआयव्हीचं नाव व्हायरस रिसर्च सेंटर होतं तेव्हापासून. 2021 मध्ये पुरंदरच्या बेलसरचा झिका, राज्यातला पहिला, तोही एनआयव्हीनंच ओळखला.

आणि अशा कामातली कितीतरी पदं आजही कंत्राटी. प्रकल्प संपला, बसा घरी. साथ आली की पुन्हा जाहिरात! मग आईबापांनी पोरीला या वाटेला का लावावं?

काम नाही असं नाही. आपल्या हिंजवडीतल्या जेनोव्हानं एमआरएनए लस बनवली, 2022 मध्ये तिला आपत्कालीन मंजुरीही मिळाली. पुढाऱ्यांना ट्रॅफिक आणि मेट्रोबद्दल विचारताच, जरूर विचारा. एकदा सरकारी प्रयोगशाळांमधल्या कायम पदांबद्दलही विचारा की.