पट सुटल्यावरच्या गप्पा



संक्रांत आली, की आपल्या भागात शंकरपटाचे वारे वाहू लागतात. कापसाची वेचणी उलगत आलेली असते, हाताला थोडी सवड असते. पुलगावपाशी वर्धा नदी ओलांडली, की पलीकडे धामणगाव रेल्वे तालुक्यात तळेगाव दशासर आहे. तिथल्या पटाचे नाव साऱ्या विदर्भात घेतले जाते. आपल्याकडची शौकीन मंडळीही भाकरी बांधून पटाला निघतात.

जोड्या धावतात त्या काही सेकंदच. पटावरच्या गप्पा मात्र पुढे आठ-आठ दिवस पारावर रंगतात. हरलेल्या जोडीवर तर प्रत्येकाचे मत ठरलेले असते. कोणी म्हणतो, "मागच्या साली वाऱ्यावानी गेली, यंदा का झालं बाप्पा?" कोणी धुरकऱ्याला बोल लावतो. कोणी म्हणतो, दाणच खराब होती. आणि कोणीतरी हळूच सांगतो, नजर लागली. आज या चारही म्हणण्यांचा आपण तपास करू.

पहिले बैलाचे. मागच्या वर्षीचा बैल यंदाही तसाच पळेल, हे गृहीत धरणेच चूक. बैल वयात येतो, भरतो आणि उतरतो. साडेचार-पाच वर्षांच्या सुमारास त्याचे आठही दात जुळतात. त्याआधी दोन दाती गोऱ्हा उमेदीने पळतो खरा, पण त्याची हाडे व सांधे पुरते भरलेले नसतात. त्याला पटामागून पट पळवला, तर ऐन जोमाच्या वयात तो पाय धरतो.

दुसरी गोष्ट खाण्याची. वर्षभर कुटार-कडब्यावर ठेवलेल्या जोडीला पटाच्या आठवड्यात कणीक, गूळ आणि ढेप एकदम चारायची, हा प्रकार बऱ्याच घरी दिसतो. बैल हा रवंथ करणारा प्राणी आहे. त्याच्या पोटातले जंतू चारा पचवतात आणि त्यांना नव्या खाद्याची सवय हळूहळू लागते. पिठूळ खाद्य एकदम वाढले, की पोटात आंबट वाढते, रवंथ मंदावते, जनावर सुस्त होते. आपण म्हणतो, "एवढं खाऊ घातलं, तरी पळला नाही." खरे तर एवढे खाऊ घातले म्हणूनच तो पळला नाही. खुराक वाढवायचा तर दोन-तीन आठवड्यांत थोडा थोडा वाढवा. रोज थोडे मीठ द्या. भरल्या पोटी पळवू नका. गाडीत उभे राहून दूरवरून आलेल्या बैलाला उतरल्याबरोबर जुंपू नका.

आमच्या मायबहिणींना यातले पुष्कळ आधीच ठाऊक असते. सकाळी शेण काढताना ते पातळ आहे की घट्ट, बैलाने गव्हाणीत चारा टाकला की संपवला, त्याचे नाक ओले आहे की कोरडे, हे सर्वांत आधी त्यांच्या नजरेस पडते. बैलाचे अंग साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते. ते चढलेले असेल, तर बक्षीस कितीही मोठे असो, जोडी घरीच राहू द्या. पटाला जोडी न्यायची की नाही, हे ठरवताना घरच्या बाईचे मत अवश्य घ्यावे.

आता धुरकऱ्याचे. बैलाला आवाज ओळखीचा लागतो, कासऱ्याचा हात ओळखीचा लागतो. ऐनवेळी नामांकित धुरकरी आणून बसवला, म्हणजे जोडी जिंकेलच असे नाही. धुरकऱ्याच्या अंगातही त्या दिवशी त्राण हवे. तुमच्या घरची मुले टीव्हीवर मोटारसायकलच्या शर्यती पाहतात. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे मोटोजीपीची जागतिक शर्यत झाली. उकाडा इतका होता, की २४ फेऱ्यांची शर्यत २१ फेऱ्यांवर आणावी लागली. जॉर्ज मार्टिन हा स्पेनचा नावाजलेला स्वार दुसरा आला, पण अंगातले पाणी कमी होऊन शर्यत संपताच अगदी गळून गेला. यंत्र थकत नाही, माणूस थकतो. आपल्या पटात तर स्वार आणि वाहन दोन्ही जिवंत. त्या शर्यतीत माणसासाठी फेऱ्या कमी केल्या. मग आपण भर दुपारी मुक्या जनावराला पुन्हा पुन्हा का पळवावे?

दाणीची तक्रार मात्र पुष्कळदा खरी असते. काळ्या मातीतली ढेकळे आणि भेगा नीट मोडल्या नाहीत, तर बैलाचा खूर मुरगळतो. दाण समतल हवी. शेवटी जोडी थांबायला मोकळी जागा हवी आणि प्रेक्षक दोरीच्या मागे हवेत. आणि नजरेचे म्हणाल, तर तिचा दोष घरच्या निष्काळजीपणावर पांघरूण घालण्यापुरताच उपयोगी पडतो.

आता एक महत्त्वाची गोष्ट. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या. तेव्हा गावोगाव हळहळ झाली. राज्याने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, ती उच्च न्यायालयात अडकली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा कायदा वैध ठरवला. गुलाल उधळला गेला, तो योग्यच. पण ही मोकळीक अटींची आहे. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, जनावरांच्या डॉक्टरांची तपासणी हवी, धाव हजार मीटरच्या आत हवी आणि काठी, चाबूक, तुतारी, विजेचा झटका यांपैकी काहीही चालणार नाही. दाणीवर एकाने तुतारी टोचली आणि आपण टाळ्या वाजवल्या, तर उद्या पट पुन्हा बंद पडण्यात आपलाही वाटा राहील. प्रेक्षकांनीच अशा धुरकऱ्याला अडवावे.

तसेच पैशाचे. पटाच्या जोडीसाठी पेरणीचे पैसे मोडणे, कर्ज काढणे किंवा घरची कामाची जोडी विकणे, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. पट जिंकणारी जोडी एक, हरणाऱ्या अनेक. पैजा लावणाऱ्यांपासून तर चार हात दूरच राहा. हौस असावी, पण ती कोठारातल्या बियाण्याला हात न लावता भागणारी असावी.

हौस भागवायचीच, तर आपल्या जिल्ह्याचे सोने आपल्या दारी आहे. गवळाऊ ही पांढरी, हलक्या अंगाची, झपाझप चालणारी जात आपल्या आर्वी-कारंजा-आष्टीच्या पट्ट्यातली. मराठ्यांच्या फौजेची रसद वाहायला ही जनावरे कामी येत, असे सांगतात. कारंजा तालुक्यातील हेटीकुंडी येथे या जातीच्या जोपासनेसाठी शासकीय प्रक्षेत्र आहे. ट्रॅक्टर आल्यापासून कोठे रिकामे होत चालले आणि संकराच्या नादात ही जात मागे पडली. घरी एक चांगली गवळाऊ गाय ठेवली, तिला शुद्ध वळूचेच रेतन करून घेतले, तर तीच गाय तुमच्या शेताला बैल देईल आणि एखादा पटाचाही निघेल.

जोडी पटाची असो वा नांगराची, लाळ्या-खुरकूतची लस सहा महिन्यांनी, आणि घटसर्प व फऱ्याची पावसाळ्यापूर्वी टोचून घ्या. पटात गावोगावची जनावरे एकत्र येतात, तसे रोगही येतात. लम्पीच्या साथीत २०२२ साली बाजार आणि शर्यती बंद ठेवाव्या लागल्या, हे आठवत असेलच. पटावरून आलेली जोडी चार दिवस घरच्या जनावरांपासून वेगळी बांधा, तिचे खूर धुऊन पाहा आणि तिला पुरती विश्रांती द्या.

पुढच्या वर्षीच्या पटाची तयारी पटाच्या आठवड्यात होत नाही. ती आजच्या गव्हाणीपासून सुरू होते.