कुंपणाबाहेरचे पाणी

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत एकच विषय चालतो: कोणते कॉलेज आणि कोणती शाखा. फी विचारून होते, लोकलची वेळ पाहून होते, मुलींसाठी काय सोय आहे याची चौकशी होते. हल्ली कॉलेजच्या माहितीपुस्तकात ‘हरित परिसर’ असेही एक पान असते. त्यावर गच्चीवरचे सौर पॅनेल, गांडूळखताचा खड्डा आणि रोप लावताना प्राचार्यांचा फोटो. पालक ते पान उलटून पुढे जातात. या महिन्यात त्याच पानाविषयी लिहायचे आहे.

ते पान उगाच आलेले नाही. पर्यावरणाचे शिक्षण सगळ्या पातळ्यांवर दिले जावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सांगितले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांना हा विषय सक्तीचा केला. 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 2030 पर्यंत गाठायची 17 शाश्वत विकास ध्येये ठरवली आणि जगभरची विद्यापीठे त्या फूटपट्टीने स्वतःला मोजू लागली. आपल्याकडे कॉलेजला मोजते ती नॅक. तिच्या 2017 च्या आराखड्यात एकूण 1000 पैकी 100 गुण सातव्या निकषाला आहेत आणि वीजबचत, पाणी, कचरा, हरित लेखापरीक्षण हे सारे त्या निकषात येते. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या आपल्या पालघर-बोईसरच्या महाविद्यालयांनाही हेच तक्ते भरावे लागतात.

यात वाईट काहीच नाही. एलईडी दिव्यांनी वीज वाचते, खड्ड्यात पालापाचोळा कुजून खत होते. अडचण एवढीच की हे मोजमाप कंपाउंडच्या भिंतीपाशी थांबते. उर्दूत पर्यावरणाला ‘माहौल’ म्हणतात. मूळ अरबी अर्थ, ‘जे सभोवती आहे ते’. आमच्या सभोवती काय आहे? तारापूर एमआयडीसी.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातल्या 100 औद्योगिक क्षेत्रांची तपासणी केली. हवा, पाणी आणि जमीन यांचा एकत्रित निर्देशांक काढला. त्यात तारापूर 93.69 गुणांनी देशात सर्वांत वर होते. या परीक्षेत जितके गुण जास्त तितके प्रदूषण जास्त, हे वेगळे सांगायला नको. इथल्या सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राची क्षमता बरीच वर्षे दिवसाला अडीच कोटी लिटर होती आणि कारखान्यांतून येणारे पाणी त्याहून कितीतरी जास्त. उरलेले पाणी कुठे जात होते हे नवापूर, दांडी, आलेवाडीच्या कोळी-मांगेला वस्त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. जानेवारी 2022 मध्ये लवादाने शंभराहून अधिक कारखान्यांवर मिळून दीडशे कोटींहून जास्त भरपाई लावली.

या प्रकरणात नुकसान मोजायला लवादाने जी समिती नेमली, तिच्यात आयआयटी गांधीनगर आणि आयआयएम अहमदाबादचे तज्ज्ञ होते. म्हणजे उच्च शिक्षणाची संस्था खाडीचे पाणी मोजू शकते आणि त्या मोजण्याला कोर्टात किंमत असते. मग आपल्या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळांनी का मोजू नये? काही प्राध्यापक आपापल्या संशोधनात हे करतातही, पण ते संशोधनाच्या फाइलमध्ये जाते. ‘हरित परिसरा’च्या फाइलमध्ये पुन्हा रोपांचे फोटो.

मोजायला फार मोठी यंत्रेही लागत नाहीत. पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती, हे विंकलरच्या पद्धतीने काढता येते. ती 1888 सालची, बी.एस्सी.च्या रसायनशास्त्राच्या मुलांना जमणारी. मासा तगायचा तर हा प्राणवायू लिटरला निदान 4-5 मिलिग्रॅम तरी हवा. समुद्रात सोडायच्या सांडपाण्याचा सीओडी 250 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असा नियम आहे. मुरबे-सातपाटीच्या खाडीतून दर महिन्याला त्याच दिवशी, भरती-ओहोटीची वेळ लिहून, त्याच चार जागांवरून नमुना घेतला, तरी तीन वर्षांत एक तक्ता तयार होईल. तो तक्ता कुठल्याही रोपाच्या फोटोपेक्षा मोठा ऐवज आहे. कोर्टात मंडळाच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवालच लागतो, खरे आहे. पण नमुना कधी आणि कुठे घ्यायला हवा होता, हे हा तक्ता दाखवू शकतो.

आता घरातली गोष्ट. आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल याच एमआयडीसीवर पेटते. कोणाचे अब्बू रंगाच्या कारखान्यात, कोणाचा भाऊ औषधाच्या कंपनीत कंत्राटावर, कोणाचा टेम्पो तिथलीच पिंपे वाहतो. मुलीने पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी खाडीचे पाणी बाटलीत भरून आणले, तर घरात पहिला शब्द येतो, “बेटा, दुसरा विषय घे.” मग ती इंटरनेटवरून ओझोनचा थर उतरवून काढते. शाळेत शिकवून गेलेल्या मुलींच्या जर्नल मी पाहिल्या आहेत. ओझोनचा थर फार लोकप्रिय आहे.

ही भीती खोटी नाही. कंत्राटी माणसाची नोकरी एका फोनवर जाते. म्हणूनच हे काम एकट्या मुलीच्या नावावर नको, विभागाच्या नावावर हवे. नमुना कोणत्या कारखान्याच्या दारातून घ्यायचाच नाही. तो खाडीतून घ्यायचा, आणि खाडी कोणाच्या मालकीची नाही. शिवाय सांडपाण्याच्या टाक्यांशी काम करणाऱ्या अब्बूंनाच त्याची वाफ आधी लागते. त्यांना आपल्या लेकीचा तक्ता नको असेल असे मला वाटत नाही.

वाट आता थोडी सोपीही झाली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र-प्रकल्प आणि समाजसंपर्क यांना स्वतंत्र श्रेयांक आहेत. मुलाला कुठेतरी जाऊन काहीतरी करून आणावेच लागते. तेव्हा यंदा प्रवेशाच्या खिडकीवर फी आणि लोकलची वेळ विचारून झाली की आणखी एक विचारा: क्षेत्र-प्रकल्पाला मुले कुठे जातात? खाडीवर जात असतील तर गेल्या वर्षीचे आकडे दाखवा म्हणा. जात नसतील तर रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांना भेटायची वेळ घ्या, आणि जमले तर दोन-तीन पालक मिळून जा.