वरची पायरी, खालची गादी

जिम्नॅस्टिक्सच्या खालच्या गटात सफाईने कसरती करणारी मुलगी वरच्या गटात गेली की काही महिने हमखास अडखळते. 'अंग तयार आहे, आत्मविश्वास तेवढा कमी पडतो', असे निदान मग तत्काळ होते आणि त्यावर फुकटात मिळणारा उपायही योजला जातो, तो म्हणजे उपदेश. भीती सोड, मन घट्ट कर, अमकीकडे बघ! आत्मविश्वास ही मुलीने घरून आणावयाची वस्तू आहे, असे गृहीत धरणारा हा विचार मुळातच उफराटा आहे. हवेत उलटे फिरताना जमीन कोठे आहे हे जिला अजून उमगत नाही, तिला भीती वाटत असेल तर तिचा हिशेब बरोबर आहे.

वर चढण्याची ही घाई येते कोठून? १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये नादिया कोमानेचीने मिळविलेले दहापैकी दहा गुण सर्वश्रुत आहेत. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने ही दहाची मर्यादा काढून टाकली आणि गुणांचे दोन भाग केले : कसरतीच्या काठिण्याचे वेगळे, निर्दोषतेचे वेगळे. निर्दोषतेला दहाची सीमा राहिली. काठिण्याला ती राहिली नाही. अर्थशास्त्राच्या कोणाही विद्यार्थ्याला यातील प्रलोभन दिसावे. पडल्यास एक पूर्ण गुण वजा होतो हे खरे. परंतु दुखावलेल्या गुडघ्याची वजाबाकी गुणपत्रिकेत कोठेच मांडली जात नाही.

मुलींच्या स्पर्धेतील बॅलन्स बीम सव्वा मीटर उंच आणि अवघा १० सेंटिमीटर रुंद असतो. जाणता प्रशिक्षक नवी कोलांटी थेट त्यावर करवून घेत नाही. आधी जमिनीवर आखलेल्या रेघेवर, मग जमिनीलगतच्या बीमवर, नंतर उंच बीमवर, पण खाली गाद्यांची थप्पी रचून. प्रत्येक टप्प्यावर ती इतक्या वेळा साधली पाहिजे, की एखाद्या वेळी न साधल्याचेच नवल वाटावे. मग गाद्या एकेक करून काढल्या जातात. व्हॉल्टच्या नव्या उड्या फोमच्या तुकड्यांनी भरलेल्या खड्ड्यात घेतात, कारण तेथे चुकण्याची किंमत फारच थोडी असते. मल्लखांबातही नवी पकड शिकविताना उस्ताद खांबाशी हात पसरून उभा असतो. तो हात केव्हा मागे घ्यावा, हे ज्याला कळते तो खरा उस्ताद. आत्मविश्वास ही या साऱ्या खर्चानंतर उरणारी शिल्लक आहे. आपण मात्र तो आरंभीचे भांडवल म्हणून मागतो.

चार ऑलिंपिक सुवर्णपदके गाठीशी असलेल्या सिमोन बाइल्सचीही शिल्लक एकदा संपली होती. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अडीच गिरक्यांची उडी दीड गिरकीवरच आटोपली, हवेतले भान सुटले आणि तिने सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. तिच्यावर टीकाही झाली. आठवड्याभराने ती बीमवर उतरली, ती शेवटची गिरकीची उडी वगळून, सोपी उडी घेऊन. आणि कांस्यपदक मिळविले. २०२३ च्या अँटवर्पच्या जागतिक स्पर्धेत तिच्या सर्वांत कठीण व्हॉल्टच्या वेळी प्रशिक्षक गादीवर उभे राहिले. त्यापायी अर्धा गुण कापला जाणार हे दोघांनाही ठाऊक होते. सुरक्षितता त्यांनी रोख मोजून विकत घेतली! पुढल्याच वर्षी पॅरिसला त्याच उडीच्या बळावर तिने व्हॉल्टचे सुवर्णपदक जिंकले.

आपल्या दीपा कर्माकरने २०१६ मध्ये रिओत प्रोडुनोव्हा उडी मारली आणि ०.१५० गुणांनी तिचे कांस्यपदक हुकले. तिच्या सुरुवातीच्या सरावाची साधने जुन्या स्कूटरच्या सुट्या भागांपासून बनविलेली होती, असे तेव्हा वारंवार छापून आले, आणि तेही अभिमानाने. तिचा फिजिओथेरपिस्ट रिओला पाठविण्यात आला तो ती अंतिम फेरीत पोहोचल्यावर. २०१७ मध्ये तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. पुढे २०२४ मध्ये ताश्कंदला तिने आशियाई सुवर्णपदक जिंकले, ते प्रोडुनोव्हाशिवाय. परंतु त्या पदकाची चर्चा हुकलेल्या पदकाच्या निम्म्यानेही झाली नाही. प्रस्तुत लेखकाला दीपाच्या धैर्याविषयी आदरच आहे. प्रश्न आहे तो गादीचा खर्च वाचवून धैर्याचे पोवाडे गाणाऱ्या व्यवस्थेचा.

या व्यवस्थेत पालकही येतात. दहावी-बारावीचे वाढीव क्रीडागुण आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंसाठीच्या ५ टक्के राखीव जागा यांचा हिशेब स्पर्धेच्या दर्जाशी बांधलेला असल्याने मध्यमवर्गीय घरातील घाई अगदीच अनाकलनीय नाही. तथापि ज्या क्रीडासंकुलात फोमचा खड्डा नाही, पुरेशा जाड गाद्या नाहीत, तेथील मुलांना कठीण कसरतींच्या गटात ढकलण्याचा अधिकार ना संघटनांना आहे, ना आईवडिलांना. वरच्या गटात गेल्यावर पहिले वर्षभर जुन्याच काठिण्याची कसरत करावयाची मुलीची इच्छा असेल, तर ती करू द्यावी. त्या वर्षी पदक न मिळाल्याने काही बिघडत नाही. पालकांनी सरावाच्या दाराशी उभे राहून प्रशिक्षकांना विचारावयाचेच असेल, तर ही उडी खड्ड्यात किती वेळा साधली आणि खालची गादी कोणाच्या सांगण्यावरून काढली, हे विचारावे.