पंचाहत्तर गुणांची माणसे

ब्रिटनमधील मजूर पक्षाच्या सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये एक प्रस्ताव मांडला. कुशल कामगार म्हणून परदेशांतून आलेल्यांना पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर कायम राहण्याचा हक्क मागता येई. तो यापुढे सामान्यतः दहा वर्षांनंतर मागता यावा, आणि हा नियम केवळ नव्याने येणाऱ्यांना नव्हे, तर पाच वर्षांच्या हिशेबाने घरदार हलवून आधीच तेथे पोचलेल्यांनाही लागू करावा, असा तो प्रस्ताव. ज्यांची मुलेबाळे तिकडे आहेत अशा येथील घरांना हा विश्वासघात अनपेक्षित वाटला असल्यास नवल नाही. परंतु तो अनपेक्षित मुळीच नाही. हाच पक्ष, हेच गृहखाते आणि हीच युक्ती एकोणीस वर्षांपूर्वी वापरून झाली आहे.

जानेवारी २००२ मध्ये ब्रिटनने अतिकुशल स्थलांतरितांसाठी एक योजना सुरू केली. तोपर्यंत सामान्यतः ब्रिटनमध्ये कामासाठी जावयाचे तर आधी तेथील मालक शोधावा लागे आणि परवान्यासाठी अर्जही मालकच करी. नव्या योजनेत मालकाची गरज उरली नाही. पदवीला इतके गुण, अनुभवाला इतके, पूर्वीच्या मिळकतीला इतके, क्षेत्रातील कामगिरीला इतके. बेरीज ७५ भरली की दार उघडले. पुढे ऑक्टोबर २००३ मध्ये ही मर्यादा ६५ वर आणली गेली, कारण माणसे हवी होती. अर्जदाराकडून एक गोष्ट मात्र लेखी घेतली जाई : ब्रिटन हेच आपले मुख्य घर करण्याचा आपला इरादा आहे. पहिली मुदत संपल्यावर ती वाढवून मिळण्यास अट एवढीच, की माणूस आपल्या दर्जाच्या कामात असावा किंवा ते मिळविण्याचा वाजवी प्रयत्न करीत असावा. चार वर्षे भरली की कायम वास्तव्याचा अर्ज. हा सौदा होता, आणि त्याच्या अटी एका पक्षाने लिहिल्या होत्या. दुसऱ्या पक्षाने त्या पाळल्या. नोकऱ्या सोडल्या, घरे विकली, मुलांची नावे तेथील शाळांत घातली.

एप्रिल २००६ मध्ये चारांची पाच वर्षे झाली. त्यानंतर ७ नोव्हेंबर २००६ रोजी गुणपत्रिकाच बदलली. अनुभवाचे आणि कामगिरीचे गुण गेले. उरले शिक्षण, वय आणि मिळकत. पदवीला ३०, पदव्युत्तर पदवीला ३५, डॉक्टरेटला ५०. वय २८ च्या आत असल्यास २०, बत्तिशी गाठल्यास शून्य. वर्षाची मिळकत ४० हजार पौंडांवर असल्यास ४५. पुन्हा ७५ गुण हवेत, आणि ते मुदतवाढ मागणाऱ्या जुन्या माणसांनीही नव्याने मिळवावेत! तेहतीस वर्षांचा, साधी पदवी घेतलेला, दहा वर्षांचा अनुभव पदरी असलेला अभियंता घ्या. ज्या अनुभवासाठी त्याला बोलावले त्याचे मोल रात्रीतून नाहीसे झाले, आणि ज्या वयात तो आला ते वय त्याने ब्रिटनमध्येच, ब्रिटनला कर भरीत, ओलांडले होते. वय वाढल्याबद्दल त्याचे गुण कापले गेले. कारकुनी विनोद म्हणून हे खपले असते. पण यावर कुटुंबांचे परतीचे तिकीट ठरत होते.

या काळात भारतात काय चालले होते, याचे स्मरण उद्बोधक ठरेल. मे २००६ मध्ये केंद्रीय शिक्षणसंस्थांतील इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांविरुद्ध मुंबईत व दिल्लीत वैद्यकीय विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. त्यांचा शब्द एकच : गुणवत्ता. गुणवत्ता ही मोजता येण्याजोगी आणि मोजणाऱ्याच्या हेतूपासून अलिप्त अशी वस्तू आहे, ही पांढरपेशा वर्गाची जुनी श्रद्धा. त्याच एप्रिलमध्ये ब्रिटनने युरोपीय संघाबाहेरील डॉक्टरांसाठी वेगळ्या परवान्याविना मिळणारे वैद्यकीय प्रशिक्षण जवळजवळ पूर्वसूचनेशिवाय बंद केले होते. परीक्षा उत्तीर्ण होऊन तेथे जागेची वाट पाहणाऱ्या भारतीय डॉक्टरांची गुणवत्ता मार्चमध्ये होती तेवढीच मेमध्ये होती. बदलली होती ती त्यांची गरज. बाजारात श्रमशक्तीचे मोल विकणारा ठरवीत नाही, घेणारा ठरवितो, हे गिरणी कामगाराला कोणी शिकवावे लागत नाही; पदवीधराला ते गृहखात्याच्या पत्राने कळले.

यावर एक युक्तिवाद केला जातो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. गुणपद्धती ही वर्णभेदावरचा उतारा म्हणून आली. कॅनडाने १९६७ मध्ये ती प्रथम स्वीकारली तेव्हा गोऱ्या देशांतील लोकांना झुकते माप देणारी जुनी पद्धत बाजूस सारली, आणि भारतीयांना त्या देशाचे दार खऱ्या अर्थाने उघडले. हे खरे आहे. चामडीचा रंग पाहण्यापेक्षा पदवी पाहणे केव्हाही बरे. पण ब्रिटनने आपल्या १९६२ च्या कायद्यात राष्ट्रकुलातील कामगारांसाठी कौशल्याचे वेगळे परवाने ठेवले होते, आणि ते कोणासाठी अरुंद करावयाचे हे लंडनला नेमके ठाऊक होते. मापाची भाषा तटस्थ असली म्हणून माप धरणारा हात तटस्थ होत नाही.

आपल्याकडील कार्यकर्त्यांतही एक मत ऐकू येते : सरकारी महाविद्यालयात जनतेच्या पैशावर शिकून जे परदेशी गेले, त्यांच्या दुःखाशी चळवळीला काय कर्तव्य? या रागाला आधार आहे. ज्या पदवीला ब्रिटनने ३० गुण दिले तिच्यावर ब्रिटनने एक पैसाही खर्च केला नव्हता. खर्च महाराष्ट्राच्या आणि इतर राज्यांच्या करदात्याने केला, त्यांत उसाच्या फडातला मजूरही आला. परंतु हा हिशेब ब्रिटिश सरकारकडे मागावयाचा आहे. तो त्या सरकारने फसविलेल्या माणसाकडे मागणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय.

आणि ही माणसे पुढे जे वागली ते चळवळीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. ऑगस्ट १९७६ मध्ये लंडनच्या ग्रनविक छायाचित्र-कारखान्यात जयाबेन देसाई यांच्या पुढाकाराने पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती स्त्रियांनी संप केला, तो जवळजवळ दोन वर्षे चालला. त्या स्त्रियांत आणि संगणक-अभियंत्यांत काही नाते आहे, असे २००६ पर्यंत बहुतेक अभियंत्यांच्या स्वप्नातही आले नसेल. नोव्हेंबरनंतर मात्र वकील, अभियंते, हिशेबनीस एकत्र आले, त्यांनी संघटना बांधली, वर्गणी काढली. संसदेच्या मानवी हक्क समितीने ऑगस्ट २००७ मध्ये त्यांची बाजू उचलून धरली. सरकार हलले नाही. अखेर ८ एप्रिल २००८ रोजी उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की जुन्या अटींवर आलेल्यांना नवे नियम लावणे बेकायदा आहे. त्याच महिन्याच्या ३० तारखेला भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या संघटनेनेही उमरावांच्या सभागृहात आपला खटला जिंकला. पाचऐवजी चार वर्षांचा प्रश्न २००९ मध्ये पुन्हा न्यायालयात न्यावा लागला आणि तेथेही सरकार हरले.

हरलेले खाते शहाणे होते असे नाही. अतिकुशलांच्या नव्या वर्गवारीतून आलेले लोक पुढे कायम वास्तव्याचा हक्क मागू लागले, तेव्हा हुजूर पक्षाच्या काळात त्यांच्या करपत्रकांतील दुरुस्त्या शोधून काढण्यात आल्या, आणि ज्या कलमात राष्ट्रीय सुरक्षिततेला असलेल्या धोक्याचाही उल्लेख आहे त्याच कलमाखाली, चारित्र्याचे कारण देऊन, शिक्षक व अभियंत्यांचे अर्ज फेटाळले गेले. अपील न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये ही कार्यपद्धती सदोष ठरविली. अप्रामाणिकपणाचा ठपका ठेवण्यापूर्वी त्या माणसाचे म्हणणे ऐकावे, एवढी प्राथमिक गोष्ट न्यायाधीशांना सांगावी लागली. तोवर अनेकांचा काम करण्याचा हक्कही गेलेला होता.

दरम्यान योजनांची नावे बदलली. कुशल कामगाराच्या व्हिसासाठीची सर्वसाधारण पगारमर्यादा एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर, आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० वर नेण्यात आली. आता मालकाचे प्रायोजकत्वही सक्तीचे आहे. म्हणजे नोकरी गेली की थोड्या अवधीत नवा मालक शोधा, नाहीतर देश सोडा. अशा कामगाराने पगारवाढ मागावी, जादा तासांना नकार द्यावा, ही अपेक्षा कोणी करावी? दहा वर्षांचा प्रस्ताव या साखळीची लांबी दुप्पट करतो, आणि लाभ मालकांचा होतो. तेथील कामगार संघटनांनी या माणसांना सभासद करून घेण्यात जेवढी दिरंगाई होईल, तेवढी ही माणसे स्वस्त व मुकी राहतील, आणि त्यांच्या शेजारी काम करणारा इंग्रज कामगारही.