राजवैद्यांच्या छायेत

संपत्तीने आयुष्य विकत घेता येते, ही समजूत फार जुनी आहे. युरोपातील उच्चकुलीनांचा इतिहास मात्र तिला दुजोरा देत नाही. ब्रिटिश उमरावांच्या वंशावळी तपासणाऱ्या अभ्यासकांना आढळले की, अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत या वर्गाचे सरासरी आयुर्मान सामान्य प्रजेपेक्षा अधिक नव्हते. सकस अन्न, उबदार प्रासाद, दाराशी तिष्ठणारे वैद्य, सारे काही असताना उणे होते ते कशाचे?

याचे एक उत्तर फ्रान्सच्या दरबारात सापडते. चौदाव्या लुईचा पुत्र एप्रिल १७११ मध्ये देवीने गेला. पुढील फेब्रुवारीत गोवराच्या साथीत नातसून आणि अवघ्या सहा दिवसांनी नातूही दगावला. मागे राहिलेली दोन मुलेही आजारी पडली. पाच वर्षांच्या थोरल्याभोवती राजवैद्यांचा ताफा जमला. शीर तोडून त्याचे रक्त काढण्यात आले. ८ मार्च १७१२ रोजी तो मरण पावला. दोन वर्षांच्या धाकट्याला मात्र त्याचा सांभाळ करणाऱ्या मादाम द व्हांतादूर यांनी वैद्यांच्या हाती देण्याचे साफ नाकारले. तो वाचला आणि १७१५ मध्ये पंधरावा लुई म्हणून गादीवर आला. शेतकऱ्याच्या पोराला राजवैद्य परवडत नव्हता, हे त्याचे भाग्यच म्हणावयाचे!

त्या वैद्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ग्रंथांत होते तेच त्यांनी केले. दोष होता तो प्रतिष्ठेच्या आंधळेपणाचा. रक्त काढल्याने किती रोगी बरे झाले आणि किती दगावले, याचा हिशेब ठेवण्याची गरजच कोणाला भासली नाही.

याच प्रतिष्ठेपायी उपयोगी ज्ञानही उंबऱ्याबाहेर ताटकळले. देवी टोचण्याची रीत तुर्कस्तानातील म्हाताऱ्या बायकांना ठाऊक होती. लेडी मेरी माँटेग्यू यांनी ती तेथे पाहिली आणि १७२१ मध्ये लंडनला स्वतःच्या मुलीस टोचून घेतले. पुढील वर्षी तेथील राजकन्यांनाही टोचण्यात आले. फ्रेंच राजकुल मात्र अर्धे शतक दूरच राहिले. बालपणी वैद्यांच्या तावडीतून सुटलेला पंधरावा लुई १० मे १७७४ रोजी देवीनेच मेला. त्याच्या पुढच्याच महिन्यात सोळाव्या लुईने आणि त्याच्या दोघा भावांनी टोचणीसाठी दंड पुढे केले.