लिनक्स शिकायला वीस हजार कशाला?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. लिनक्स नव्याने शिकणाऱ्याने पहिले दोन-तीन महिने कुणालाही फी देऊ नये आणि त्यासाठी नवा लॅपटॉप तर मुळीच घेऊ नये.

हे लिहायला कारण घडलं. भाच्याची मुलगी बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. एका क्लासवाल्याने तिला दोन महिन्यांच्या 'बेसिक लिनक्स'चे वीस हजार सांगितले. वर घरचा कॉम्प्युटर आता निकामी, हेही ऐकवलं. का? तर विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि या जुन्या यंत्रावर विंडोज ११ चढत नाही. भाच्याचा फोन आला, "मामा, एफडी मोडतो, पण पोरीचं नुकसान नको." मी म्हटलं, "अरे, आधी एक पेनड्राईव्ह आण!"

आता गंमत बघा. विंडोज ११ ला जे यंत्र चालत नाही, ते लिनक्सला बहुधा आनंदाने चालतं. लिनक्स मिंटची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती ४ जीबी रॅमवर नीट चालते, अगदी २ जीबीवरही सुरू होते. ती फुकट उतरवून घ्यायची, रूफस किंवा एचरसारख्या मोफत प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेनड्राईव्हवर चढवायची आणि कॉम्प्युटर त्या पेनड्राईव्हवरून सुरू करायचा. (सुरू होताना एफ१२, एफ२ की एस्केप दाबायचं, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. इथेच बरेच जण कंटाळतात.) हार्डडिस्कवर काहीही न बसवता अख्खं लिनक्स समोर येतं. यंत्र बंद केलं की आपण केलेलं पुसलं जातं, म्हणजे नवशिक्याला बिनधास्त खेळायला पाटीच मिळाली म्हणा ना! कायमचं बसवायची घाई मात्र नको. बसवताना 'डिस्क पूर्ण पुसा' हा पर्याय निवडला तर लग्नाच्या फोटोंसकट सगळं जातं. आधी प्रत काढून ठेवा.

आणि कॉम्प्युटरच नसेल तर? अँड्रॉईड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. टर्मक्स नावाचं मोफत अ‍ॅप टाकलं की टर्मिनलच्या रोजच्या आज्ञा फोनवरही गिरवता येतात. डोळ्यांना त्रास होतो, पण अडत नाही.

यंत्राचं झालं, पण गुरुजी कुठून आणायचे? खरी अडचण मला इथे दिसते. चाळीस वर्षं मुलांसमोर उभा राहिल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे, की मराठी माध्यमातलं मूल विषयाला घाबरत नाही, ते विषयाच्या इंग्रजीला घाबरतं. फाईल दाखवायच्या आज्ञेला 'कॅट' म्हणतात. तिचा मांजराशी काही संबंध नाही, 'जोडणे' या अर्थाच्या लांबलचक इंग्रजी शब्दाचं ते लघुरूप आहे. एवढं कुणी मराठीत सांगितलं की मूल हसतं आणि जन्मभर विसरत नाही.

हे काम आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने केलं आहे. प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी सुरू केलेला हा प्रकल्प सरकारी निधीतून उभा राहिला. धडे साधारण दहा-दहा मिनिटांचे, निवेदन मराठीतही आणि सगळं मोफत. पद्धत अगदी आपल्या जुन्या शाळेसारखी आहे. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर आपलं काम. थांबवायचं, तसंच करून बघायचं, मग पुढे जायचं. लिनक्सचे बरेच धडे उबुंटूच्या जुन्या आवृत्तीवर केलेले असल्याने पडदा वेगळा दिसेल. पण 'एलएस', 'सीडी', 'सीपी' या आज्ञा तेव्हा जशा होत्या तशाच आज आहेत. इतकं न बदलणारं शिक्षण हल्ली मिळतं कुठे?

माझी एक अट मात्र आहे, वही हवी. आज शिकलेली आज्ञा, ती काय करते आणि आपण ती कशावर चालवली, तीन ओळी पुरेत. 'आरएम'पुढे लाल खूण करा, कारण तिने पुसलेली फाईल कचरापेटीत जात नाही, जाते ती जातेच.

इंग्रजीची भीड चेपली की विल्यम शॉट्स यांचं 'द लिनक्स कमांड लाइन' हे पुस्तक घ्यावं. लेखकानेच ते पीडीएफ स्वरूपात मोफत ठेवलंय. पाचशेच्या वर पानं आहेत, सगळी छापत बसू नका!

क्लासवाल्यांचं पोट मारायची माझी इच्छा नाही. पुढे नोकरीसाठी रेड हॅटसारख्या कंपनीची परीक्षा द्यायची असेल तर पैसे मोजावे लागतील, तेव्हा जरूर मोजा. ज्यांचं पोट टॅलीवर आहे त्यांनी विंडोज काढूही नये, टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही. पण 'एलएस' शिकायला एफडी मोडणं म्हणजे बाराखडीसाठी शेत गहाण टाकणं.

पोरीची वही आता सतराव्या पानावर आहे. परवा तिने विचारलं, "आजोबा, फाईलची मालकी म्हणजे काय हो?" मलाही नीट सांगता येईना, म्हणून आम्ही दोघांनी तो धडा दोनदा ऐकला.

नातेवाइकांपैकी कुणाला मिंटचा पेनड्राईव्ह हवा असेल तर रिकामा पेनड्राईव्ह घेऊन रविवारी सकाळी या. अर्धा तास लागतो, तोवर चहा होईल.